टायरला दात, खिशाला कात्री

काय हो हे! पूर्वी टायर गुळगुळीत व्हायचा, आतलं कापड डोकावायला लागायचं, पंक्चरवाला हात जोडून म्हणायचा, "साहेब, आता पुरे," तेव्हा कुठे माणसं नाइलाजाने नवा टायर घ्यायची. आणि आता? मोटरसायकल शोरूममधून नुकती दारात आलीय, हार अजून हँडलला लटकतोय, चाकाखालचं लिंबू धड चिरडलेलंही नाही, आणि मालक विचारतोय, "स्टॉक टायर कितीला जातील?" कोरे करकरीत टायर! नव्या टायरला त्या रबरी मिशा असतात ना, त्यासुद्धा जागच्या जागी! असले टायर विकायला काढायचे? शोभतं का हे चारचौघांत?

रोग मूळचा जर्मन. १९८० साली बीएमडब्ल्यूने आर ८० जी/एस नावाची गाडी काढली. म्हणे डांबरावरही पळेल आणि माळावरही. जग तेव्हाच हसलं असतं तर विषय तिथेच मिटला असता. पण १९८१ ची पॅरिस–डकार रॅली याच जातीच्या गाडीने मारली, आणि ठिकठिकाणच्या सरळमार्गी माणसांना वाटायला लागलं की आपल्यालाही एखादं वाळवंट ओलांडायचं राहून गेलंय. आपल्याकडे ही साथ मध्यमवर्गाच्या आवाक्यात यायला २०१६ उजाडलं. रॉयल एनफील्डची हिमालयन आली. मग २०१९ ला हीरोची एक्सपल्स, २०२० ला केटीएमची ३९० अ‍ॅडव्हेंचर, २०२३ च्या नोव्हेंबरात नवी हिमालयन ४५०. गाडी घेऊन झाली, दोन्ही बाजूंना पेट्या लटकवून झाल्या, क्रॅश गार्ड ठोकून झाले, पेट्रोलचा जादा कॅन मिरवून झाला. आता उरलं काय? टायर!

आणि टायर म्हणजे नुसता टायर नाही हं. लग्न ठरवताना गोत्र विचारावं तसं आधी विचारतात, "किती टक्के?" नव्वद-दहा, ऐंशी-वीस, सत्तर-तीस, पन्नास-पन्नास. पहिला आकडा डांबराचा, दुसरा कच्च्या रस्त्याचा. हे टक्के मोजतं कोण? कोणीच नाही. याचं ना कुठलं मानक, ना कुठली प्रयोगशाळा. प्रत्येक कंपनी आपापल्या अंदाजाने आकडा ठोकून देते. एका कंपनीचा सत्तर-तीस दुसऱ्या कंपनीच्या पन्नास-पन्नासपेक्षा चिखलात जास्त धरतो, असंही होतं. पण आपली मंडळी त्या पाच टक्क्यांवरून रात्री दोन-दोन वाजेपर्यंत भांडतात. भावाभावांत बोलणं बंद होतं. जमिनीच्या वाटणीवरून झालं असतं तर समजून तरी घेतलं असतं!

बरं, जरा हिशेब करू. महिन्याला हजार किलोमीटर म्हणजे वर्षाला बारा हजार. सत्तर-तीसवाल्याने त्यातले छत्तीसशे किलोमीटर कच्च्यातून हाणायला हवेत. छत्तीसशे! म्हणजे मनाली–लेह आठ वेळा. तेही तो सगळा रस्ता कच्चा धरून, आणि तो कच्चा राहिलाय कुठे? बॉर्डर रोड्सवाल्यांनी २०२१ मध्ये उमलिंग ला इथे १९,०२४ फुटांवर डांबर नेऊन ठेवलं. प्राणवायू विरळ, पण डांबर भरपूर! आणि आपला हा वीर कुठे जातो? सोमवार ते शुक्रवार कोथरूड ते हिंजवडी. रविवारी पहाटे उठून मिसळ खायला. यातला ऑफ-रोड भाग म्हणजे मिसळवाल्याच्या दारातली खडीची पार्किंग. खरा आकडा सत्त्याण्णव-तीन निघेल, आणि त्या तिनातले दोन टक्के सोसायटीच्या गेटसमोर पाइपलाइनसाठी खणून ठेवलेले असतील.

पण हे सांगायचं कोणाला? आमच्या ओळखीतले एक दंतवैद्य आहेत. सज्जन माणूस, उभ्या आयुष्यात कधी सिग्नल तोडला नाही. परवा क्लिनिकमध्ये पेशंट तोंड उघडून बसलाय आणि हे खिडकीतून खाली लावलेल्या गाडीकडे बघताहेत. टायरच्या दातांची खोली मिलिमीटरमध्ये पाठ. पुढचा किती झिजला, मागचा किती, मधल्या रांगेत कुठला नॉब वाकडा झिजतोय, सगळी नोंद ठेवलेली. टायरच्या साइडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे २३२४ असेल तर २०२४ सालचा तेविसावा आठवडा. डॉक्टर दुकानात टॉर्च घेऊन जातात आणि उकिडवे बसून ती जन्मतारीख वाचतात. लग्नाच्या वाढदिवसाची तारीख मात्र विचारू नका.

दुकानदारांचीही कमाल बघा. नाना पेठेतल्या एकाला म्हणे गिऱ्हाइकाने विचारलं, "भाऊ, साठ-चाळीसमध्ये काही आहे का?" तो म्हणाला, "साहेब, काळा आहे, गोल आहे. बसवू?" हा संवाद खरा की पिकवलेला, आपण खोलात शिरत नाही. त्याच दुकानदाराच्या स्वतःच्या गाडीला आता पन्नास-पन्नास आहेत, एवढं मात्र दिसतंय.

पंथ तर किती निघाले! एक विलायती पंथ. त्यांच्या तोंडी कॉन्टिनेन्टलचा टीकेसी ८०, मिशलिनचा अ‍ॅनाकी वाइल्ड, पिरेलीचा स्कॉर्पियन रॅली एसटीआर, मिटासचा ई-०७. नावं घेतानाच आवाज खाली येतो आणि डोळे अर्धे मिटतात. जोडीची किंमत पाच आकडी, पण ती घरी चार आकडी सांगायची असते. दुसरा स्वदेशी पंथ. सीएट, एमआरएफ, अपोलोचा ट्रॅम्पलर. यांचं म्हणणं, गावात टायर कापला तर तालुक्याला मिळाला पाहिजे, झेकोस्लोव्हाकिया शोधत कोण बसणार? (तो देश मोडून तीसहून जास्त वर्षं झाली, पण चर्चेच्या ओघात कोण सांगणार!) तिसरा पंथ ट्यूबवाल्यांचा आणि चौथा ट्यूबलेसवाल्यांचा. हिमालयन ४५० आली ती आपल्याकडे ट्यूब घेऊनच. केवढा तो आकांत! पुढे स्पोकची ट्यूबलेस चाकं विकायला आली तेव्हा लोकांनी जुनी चाकं मोडीत काढून नवी घेतली. आणि वर एक अतिरेकी शाखा आहेच. डकारचे स्वार टायरमध्ये हवा भरतच नाहीत, फोमचा ठोकळा घालतात, त्याला मूस म्हणतात. पंक्चरचं नावच नको. एक गृहस्थ चौकशी करत होते, भोरला जायचंय, मूस घालावा का?

आता जरा मुद्द्याचं. दातेरी टायर मातीत धरतो, कारण त्याचे नॉब भुसभुशीत जमिनीत रुततात आणि मधल्या मोकळ्या गाळ्यांतून चिखल बाहेर फेकला जातो. पण डांबर काही रुतू देत नाही. तिथे जेवढं रबर जमिनीला टेकतं तेवढीच पकड. गाळे जास्त म्हणजे टेकणारं रबर कमी. ओल्या ताम्हिणी घाटात वळणावर गाडी कलवली की उंच नॉब खालून वळवळतात, ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं, आणि रस्त्यावरचा पांढरा पट्टा आला की पोटात गोळा. सरळ रस्त्यावर तो घूंऽऽ असा आवाज वेगळाच. एक्स्प्रेस वेवर दुचाकीला बंदी, म्हणून मंडळी जुन्या हायवेने मुंबईला जातात. खोपोलीपर्यंत कान बधिर. मऊ नॉबचा मागचा टायर जड गाडीखाली पाच-सहा हजार किलोमीटरांत मधोमध टक्कल पडून बसतो. म्हणजे चिखलासाठी घेतलेला टायर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये झिजून गेला! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तोही वर्षातून दोनदा.

आणि चिखल तरी एक आहे का? कोकणातली तांबडी माती निदान निचरा होऊ देते. तिथे भीती असते ती जांभ्यावरच्या शेवाळाची, आणि त्या शेवाळापुढे विलायती, स्वदेशी सगळे सारखेच आडवे. मराठवाड्यातली काळी माती भेटली की मग मजा. पहिल्या दहा फुटांत सगळे गाळे लिंपून टाकते. पुढच्या दहा फुटांत मातीचा थर मडगार्डला भिडतो, चाक फिरायचं थांबतं. पन्नास-पन्नास गेले उडत, शून्य-शून्य! शेवटी बांधावरचा शेतकरी येतो, काडीने माती उकरून देतो आणि स्वतःच्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीवर, झिजलेल्या टायरांनी, त्याच वाटेने घरी जातो. कुठून जायचं हे त्याला ठाऊक असतं. ते अजून कोणी जोडीत विकत नाही.

एका गोष्टीवर मात्र आपण खोटंखोटं चिडत नाही, खरंच चिडतो. पावसाळ्यात सड्यांवर, पठारांवर गाड्या घालून फुलांचा नि गवताचा चिखल करणारे जे आहेत, त्यांच्या टायरचे टक्के कोणीही विचारू नयेत. त्यांना सरळ पायी परत पाठवावं.

असो. साइडवॉलवर आणखी काय काय लिहिलेलं असतं म्हणून सांगू! एम आणि एस, म्हणजे चिखल आणि बर्फ. हडपसरात बर्फ फक्त रसवंतीत, पण टायरला परवाना हवा. वेगाचं अक्षर क्यू, म्हणजे ताशी १६० पर्यंत चालेल. आपली गाडी उतारावर, मागून वारा असताना, देवाचं नाव घेऊन १३० ला पोचते. तरी मालक उसासा टाकतो, "एच मिळाला असता तर बरं झालं असतं."

या सगळ्यावर एक फुकटचा उपाय आहे आणि म्हणूनच तो कोणाला नको असतो. कच्च्यात शिरताना हवा कमी करा. डांबरावर तीसच्या आसपास असलेलं प्रेशर विशीपर्यंत उतरवलं की साधा ऐंशी-वीससुद्धा पसरतो, दगडाला बिलगतो आणि बऱ्यापैकी धरतो. फार उतरवलं तर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. परत डांबरावर आलं की हवा भरायची. छोटा पंप पेटीत मावतो. बस्स! आपल्यापैकी दहातल्या नऊ जणांना ऐंशी-वीस आणि हा पंप पुरतो. पण हवा कमी केलेली लोकांना दिसत नाही हो! नॉब दिसतात. पार्किंगमध्ये शेजारी थांबून विचारतो, "लडाख का?" या दोन शब्दांसाठीच तर पाच आकडी मोजलेत!

आणि मग येतो जुलै. इतका वेळ आपण ज्यांना हसत होतो ते गप्प बसून पावसाची वाट बघत असतात. पहिल्या चार सरींत डांबर कुठे गेलं ते महापालिकेलाही सापडत नाही. उरते खडी, त्यावर पेव्हर ब्लॉक, त्यावर रात्रीत कोणीतरी ओतलेली मुरमाची गाडी. नव्वद-दहावाले कडेने चाचपडतात आणि आमचे दंतवैद्य मधोमध, फूटपेगवर उभे राहून, दिमाखात क्लिनिकला जातात. आता बोला! सत्तर-तीसचा हिशेब कोणाचा चुकला, त्यांचा का आपला? यंदा तर सोसायटीतल्या काकूही त्यांना थांबवून खालच्या आवाजात काही विचारत होत्या म्हणे. आपल्याला काय करायचंय म्हणा. पण नाना पेठेत कोणी जाणारच असेल, तर सहज, अगदी सहज, विचारून या: स्कूटरच्या दहा इंची चाकाला नॉबी येतो का? कोणासाठी ते सांगायची गरज नाही.