शेवट आम्हाला विचारा

पुण्या-मुंबईच्या लोकांना रहस्यमालिकेचा शेवट ओळखता येत नाही, यात त्यांचा दोष नाही. सराव नाही बिचाऱ्यांना. त्यांच्याकडे गोष्टी सुरू होतात आणि, उशिरा का होईना, संपतात. आमच्या निपाणी-बेळगाव पट्ट्यात १ नोव्हेंबर १९५६ रोजी सुरू झालेली सीमावादाची गोष्ट अजून 'क्रमशः'वर उभी आहे. आजोबांनी पाहिलेली पात्रे नातू पाहतो आहे. निर्माते बदलले, कलाकार बदलले, आणि शेवटचा भाग कधी म्हणून विचारले की उत्तर येते, तारीख पडली की कळवू. अशा मुलखातला माणूस रात्री साडेदहाची मालिका करमणूक म्हणून बघतच नाही. म्हाताऱ्या पैलवानाने शेजारच्या गावची कुस्ती बघावी तशी बघतो. मांडीवर थाप मारत, 'आता हा ढाक लावतोय बघ' हे आधीच सांगत.

'देवमाणूस'चेच घ्या. झी मराठीवर ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेली ही मालिका वर्षाने संपणार अशी जाहिरात लागली, तेव्हा राज्यभर एकच चर्चा होती, बोगस डॉक्टर अजितकुमार देव सापडणार की सुटणार. निपाणीत तो प्रश्न एका दुपारीच निकालात निघाला. जागा, एका घराचा सोपा. चौघीजणी भिंतीला टेकून, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात भिजवलेला तेंदूपत्ता, कात्री आणि तंबाखू. पत्र्याचा साचा पानावर ठेवून पान कापायचे, चिमूट भरायची, वळायचे, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचे. एवढ्यात एक सिद्धांत मांडून होतो आणि हजाराच्या हिशेबात एक विडी इकडची तिकडे होत नाही.

"त्यो मरत न्हाई बघ."

"कशावरनं गं आक्का?"

"आगं, पोलीस बाई केवढी हुशार दावल्यात. बाई एवढी हुशार असली की माणूस सुटतोयच. बावळट हवालदार असता तर कवाच घावला असता."

दुसरीचे म्हणणे, मालिकेतली सरू आजी ज्या म्हणी फेकते त्यातच सगळे सांगून ठेवलेले असते, आपण हसण्यावारी नेतो. तिने म्हणे महिनाभर म्हणी ध्यानात ठेवल्या होत्या आणि त्यावरून डिंपलवर संशय घेतला होता. तिसरी बराच वेळ बोलली नाही. पानाची शीर काढता काढता म्हणाली, "मालिका तेवढी संपतीय. माणूस न्हाई. दुसरी काढणार."

काढली. डिसेंबर २०२१ मध्ये गडी राजस्थानात नटवर सिंग होऊन हजर. पाच महिने सुद्धा धीर धरवला नाही वाहिनीला. पुढे २०२५ मध्ये तिसरी आली, तिचे नाव 'मधला अध्याय'. दोन भाग दाखवून झाल्यावर त्यांच्या मधला दाखवायचा, ही युक्ती ऐकून चौथी, जी आजवर फक्त चहा करायला उठत होती, ती म्हणाली, "म्हंजे तिसरं आलं तरी आपण मधीच की."

ज्या वाईच्या हत्याकांडावर ही मालिका बेतली असे म्हणतात, ते २०१६ मध्ये उघडकीस आले. पहिली मालिका संपली तेव्हा तो खटला साताऱ्याच्या कोर्टात चालूच होता. हे कळल्यावर पुण्याचे पाहुणे हळहळले. आमच्याकडे कुणाची भुवई हलली नाही. कोर्टाच्या आधी मालिका संपली, ठीक आहे. महाराष्ट्राने २९ मार्च २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयात घातलेला मूळ दावा क्रमांक ४ आमच्या तोंडपाठ आहे. तो दाखल झाल्यापासून किती मालिका आल्या आणि गेल्या याची यादी हवी असल्यास वरील सोप्यावर मिळेल.

बेळगावचे घराणे वेगळे. निपाणीकर माणूस पकडतात, बेळगावकर रचना पकडतात. 'रात्रीस खेळ चाले'मध्ये अण्णा नाईक २०१६ साली सुरुवातीलाच मेले. २०१९ ला मालिका मागे गेली आणि अण्णा धडधाकट, शेवंतासकट. २०२१ ला पुन्हा आले, या वेळी भूत होऊन. महाराष्ट्र घाबरला. शहापुरातले एक निवृत्त मास्तर मात्र शांतपणे सुपारी कातरत म्हणाले, "यात भिण्यासारखं काय आहे गा? महाजन अहवाल हेच करतोय."

खरे आहे. सेनापती बापटांनी उपोषण केले, मग ऑक्टोबर १९६६ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला. पुढच्या वर्षी अहवाल आला: २६४ गावे महाराष्ट्राला, त्यात निपाणी आणि खानापूर, २४७ गावे तेव्हाच्या म्हैसूरला, बेळगाव आहे तिथेच. महाराष्ट्राने अहवाल पुरला. कर्नाटक तो दर वर्षी उठवून सांगते की हाच अंतिम. अंतिम म्हणते, पण त्यातली निपाणी काही देत नाही. भुताचे असेच असते, जेवढे सोयीचे तेवढेच दिसते.

यातून चाहत्यांत फूट पडली आहे, ती बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. निपाणीकर खासगीत म्हणतात, आमचा शेवट १९६७ ला लिहून, चित्रित करून डब्यात ठेवलाय, फक्त दाखवायचा राहिलाय. बेळगावकर म्हणतात, ज्या शेवटात आम्हीच नाही तो शेवट कसला? एका लग्नात दोन व्याही याच मुद्द्यावरून जिलबी ताटात टाकून उठले होते. सभेत मात्र दोघेही 'बेळगाव, कारवार, निपाणीसह' एका दमात म्हणतात.

बाकीचे सिद्धांत गल्लीगणिक. केंद्रशासितवाले जुने आणि चिवट. जानेवारी २०२१ मध्ये उद्धव ठाकरे यांनी निकाल लागेपर्यंत हा भाग केंद्रशासित करा म्हटले, तेव्हा या मंडळींना वाटले, झाले, पटकथा फुटली. लगेच कर्नाटकचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री लक्ष्मण सवदी यांनी जाहीर केले की मुंबईच कर्नाटकात यायला हवी आणि तोवर ती केंद्रशासित करावी. गृहस्थ आमच्याच जिल्ह्यातले, अथणीचे. म्हणजे कथेला वळण देण्याची कला या मातीतच आहे, पक्ष कुठलाही असो. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी जत तालुक्यातल्या ४० गावांवर दावा सांगून उपकथानक काढले. तिथल्या लोकांनी पाणी मागितले होते. त्यांना राज्य द्यायला निघाले.

वेषांतराचा भाग आमच्याकडे १९८६ लाच होऊन गेला. कानडी सक्तीविरुद्धच्या आंदोलनात छगन भुजबळ वेष पालटून बेळगावात शिरले होते. त्यापुढे नटवर सिंगचे कौतुक कोण करणार? हल्लीचे पाहुणे कलाकार कोगनोळी नाक्यापर्यंतच येतात. तिथे पोलीस अडवतात, कॅमेरे तयार असतात, पाहुणे 'आम्ही गनिमी काव्याने येऊ' असे कॅमेऱ्यात सांगतात आणि जेवायला कोल्हापूरला परत.

पण सगळ्यात उंची भाग म्हणजे डिसेंबर २०२२. गाड्या फुटत होत्या, बस बंद होत्या. १४ तारखेला अमित शहांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बसवले. न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कुणी दावा सांगायचा नाही असे ठरले. दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री घेऊन समिती झाली, म्हणजे लेखक वाढले. शिवाय तणाव भडकवण्यात नेत्यांच्या नावाने उघडलेल्या बनावट ट्विटर खात्यांचा हात असल्याचे सांगितले गेले. गल्लीत त्या रात्री टाळ्या पडल्या. शहासष्ट वर्षांच्या रहस्याचा खुनी सापडला, आणि तो माणूसच नव्हता! मास्तरांनी तेवढ्यात हिशेब मांडला: कुणी दावा सांगायचा नाही म्हटलेय, म्हणजे दोघेही पंधरवड्याच्या आत सांगणार. २२ डिसेंबरला कर्नाटकाने बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात ठराव केला, २७ ला महाराष्ट्राने नागपुरात केला. दोन्ही एकमताने. मास्तरांना आजवर कुठल्या वाहिनीने बोलावलेले नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कन्नड अक्कांचा सिद्धांत वेगळा पडतो. त्या टी. एन. सीताराम यांच्या कोर्टाच्या मालिकांवर वाढलेल्या, त्यामुळे त्यांना भावनेत रस नाही, हरकतीत आहे. त्या हातातल्या पोळपाटासकट समजावतात: कर्नाटक म्हणते राज्यांच्या सीमा बदलणे कलम ३ प्रमाणे संसदेचे काम, कोर्टाचे नव्हे, महाराष्ट्र कलम १३१ धरून बसलाय, की दोन राज्यांचा तंटा असेल तर सर्वोच्च न्यायालयानेच ऐकायचा. "म्हणजे बघा हं, अजून खून झाला की नाही हे ठरायचं नाही. हे ठाणं कुणाच्या हद्दीत, त्यावर चाललंय." मराठी मालिका त्या न चुकता बघतात. अण्णा नाईक त्यांना आवडत नाहीत, पांडू आवडतो.

१७ जानेवारी १९५६ चा भाग मात्र या गप्पांत कुणी घेत नाही. त्या दिवशी गोळीबारात माणसे गेली आणि हुतात्म्यांना हार घालताना आजही गल्लीतले बोलके लोक गप्प असतात.

निर्मात्यांचे गणित तसे सोपे आहे. १ नोव्हेंबरला एकाच गावात सकाळी काळ्या दिनाची फेरी आणि दिवसभर राज्योत्सव, म्हणजे दोन वाहिन्या एकाच वेळी. आमच्या बोळातला एक पोरगा सकाळी काळा शर्ट घालून घोषणा देतो आणि संध्याकाळी त्याच शर्टात चन्नम्मा सर्कलला डीजेसमोर नाचतो. 'काळा रंग दोन्हीकडं चालतोय' म्हणतो. डिसेंबरात अधिवेशन, त्याला उत्तर म्हणून महामेळावा, त्याला परवानगी नाही, मग धरपकड. प्रेक्षक हलत नाही जागचा. मत देताना मात्र हाच प्रेक्षक रिमोट फिरवतो: महाराष्ट्र एकीकरण समितीला २०१८ आणि २०२३, दोन्ही विधानसभांत एकही जागा मिळाली नाही. मालिका आवडते, पण जाहिरातीतला साबण दुसराच घेतो. समितीतल्या गटांनी याचे कारण शोधायला बैठक बोलावली, म्हणजे दोन बैठका बोलावल्या, कारण गट दोन.

आणि शेवट ठाऊक असला तरी पैज लावल्याशिवाय राहवत नाही. २००४ ला दावा दाखल झाला त्या आठवड्यात शहापुरातल्या दोन शेजाऱ्यांत पैज लागली होती. एक म्हणाला दिवाळीपर्यंत निकाल, दुसरा म्हणाला पुढच्या दिवाळीपर्यंत. हरेल त्याने एक किलो कुंदा द्यायचा. दोघेही हरले, आणि दोघे हरले तर काय, याची अट घालायची राहून गेली होती. आता दोघेही नाहीत, पैज मुलांकडे आली आहे. एकाचे म्हणणे, दोघांनी एकमेकांना एकेक किलो द्यावा. दुसरा म्हणतो, मग दर कुठला धरायचा, तेव्हाचा की आजचा? आणि खव्याचा भाव वाढला तो फरक कुणी सोसायचा? प्रकरण हातघाईवर यायला लागले तसे दोघांनी मास्तरांना लवाद नेमले. मास्तरांनी पहिल्याच बैठकीत दोन्ही बाजूंकडून पाव-पाव किलो कुंदा नमुना म्हणून मागवला, तिथेच तपासला, आणि निकाल राखून ठेवला.