नाक कुणाचं, कान कुणाचे

राक्षसाचं चित्र काढायचं म्हटलं की मोठी माणसं शिंगांपासून सुरुवात करतात आणि मुलं दातांपासून. मे महिन्याच्या दुपारी आमच्या हॉलच्या फरशीवर ड्रॉइंगचा मोठा कागद पसरला की इमारतीतली निम्मी बालवस्ती तेलखडू घेऊन जमते. तेव्हा हे फार जवळून बघायला मिळतं. मी शिंगांचा अंदाज घेत असतो तोवर तोंड काढून, रंगवून, वर त्याला डबासुद्धा दिलेला असतो.

परवाची अट माझ्या धाकट्या भाचीने घातली होती : राक्षस हसरा हवा. कारण तिला रात्री याच खोलीत झोपायचं होतं. त्यावर शेजारच्या पहिलीतल्या गृहस्थांनी पोटअट घातली : हसरा चालेल, पण खराखुरा राक्षस हवा. राक्षसाचा ड्रेस घातलेला माणूस चालणार नाही. या दोन अटींत काय ते सगळं आलं. दात काढून घेऊन राक्षसाला गरीब करता येतं, पण मग तो भोपळा दिसतो.

खरी किल्ली भुवयांत असते. भुवईचं आतलं टोक नाकाकडे उतरवलं की राक्षस चिडतो; तेच टोक वर उचललं की त्याचं काहीतरी हरवलंय असं वाटायला लागतं आणि मुलं लगेच शोधायला मदत करतात. सुळ्यांचंही तसंच. वरचे दोन सुळे खाली लोंबले की रक्त आठवतं. खालचा एकच दात ओठावर आला, तर भोळेपणा येतो. डोळे चेहऱ्याच्या जरा खालच्या भागात आणि मोठे काढायचे. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन प्राणिशास्त्रज्ञाने १९४३ सालीच लिहून ठेवलंय, की मोठं कपाळ, खाली सरकलेले मोठे डोळे आणि गुबगुबीत गाल दिसले की माणसाला आपसूक माया वाटते. हे मी सोप्या भाषेत समजावून सांगितलं.

"म्हणजे आजोबांसारखं कपाळ?" भाचीने विचारलं.

आजोबा, म्हणजे माझे वडील, खिडकीजवळ पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही, पण पान उलटल्याचा आवाज जरा जोरात झाला. कपाळ त्यांचंच ठरलं.

मग डोळे. तीन हवेत यावर एकमत झालं. त्यांना चष्मा हवा, हेही. तिसऱ्या काचेचे पैसे दुकानदार वेगळे घेतो का, यावर मात्र फार वेळ गेला. तळमजल्यावरच्या जुळ्यांपैकी एकीने हिशोब सुरू केला, दुसरीने तेवढ्यात लाल खडूने जीभ काढायला घेतली. ती लांबत लांबत कागद ओलांडून फरशीवर उतरली आणि सोफ्याखाली गेली. पहिलीतल्या गृहस्थांचे पुढचे दोन दात नुकतेच पडले आहेत, त्यामुळे राक्षसाचाही एक दात पडलेला असावा असा त्यांचा आग्रह होता. ओठावरच्या एकुलत्या एक दाताला असा धोका निर्माण झाल्यावर मी मध्ये पडलो. "हा दुधाचा आहे, पुढच्या महिन्यात पडेल," या आश्वासनावर तडजोड झाली.

एवढ्यात कागद संपला. धड राहिलंच. रडारड होण्याआधी मी कीर्तिमुखाची गोष्ट काढली. जालंधर दैत्याने राहूला निरोप्या करून शंकराकडे पाठवलं, पार्वती मला दे म्हणून. शंकराच्या भुवयांमधून एक भयंकर भुकेलं भूत निघालं आणि राहूला खायला धावलं. राहू शरण गेला. भूत म्हणालं, आता मी काय खाऊ? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने पायांपासून सुरुवात केली ती थेट गळ्यापर्यंत. उरला नुसता चेहरा. शंकर इतके खूश झाले की त्याला कायमचं आपल्या दारात बसवलं. आपल्याकडच्या जुन्या देवळांत उंबरठ्यावर बटबटीत डोळ्यांचा जो चेहरा दिसतो, तो हाच.

"मग त्याने खाल्लेलं गेलं कुठे?" हिशोबवाल्या जुळीने विचारलं. शंकराला हा प्रश्न कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही.

तसे आपले राक्षस मुळात माणसाळलेलेच. कोकणात शिमग्याला संकासुर येतो : अंगभर काळं, पांढरी दाढी, उंच निमुळती टोपी, कमरेला घुंगरं. लहानपणी आम्ही त्याला बघून आधी आईच्या पदराआड लपायचो आणि मग गावभर त्याच्याच मागे फिरायचो. ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या मॉरिस सेंडॅकचंही थोडं असंच. १९६३ सालच्या त्याच्या गाजलेल्या चित्रपुस्तकात आधी घोडे यायचे होते. घोडे काही जमेनात, म्हणून त्याने राक्षस काढले आणि चेहऱ्यांसाठी आपले मामा-मावश्या वापरले. घरी येऊन गाल ओढणाऱ्या आणि 'खाऊन टाकीन तुला' म्हणणाऱ्या. माझ्या मते यात अमेरिकन असं काहीच नाही.

हे ऐकल्यावर मात्र आमच्या मंडळींचा सूर पालटला. बारशाला जमलेल्या बायका बाळ कुणावर गेलंय ते ठरवतात, तशी राक्षसाची तपासणी सुरू झाली. नाक फुगीर, टोकाशी किंचित वाकडं. "आत्याआजी!" भाची ओरडली. आत्याआजी म्हणजे माझी आत्या. ती संध्याकाळी यायचीच होती आणि वेळेच्या आधी येणं हा तिचा स्वभाव आहे.

ती आली तेव्हा सगळे चिडीचूप होते आणि सगळ्यांचे डोळे तिच्या नाकावर. पर्समधून चष्मा काढून तिने कागद नीट न्याहाळला.

"नाक माझं आहे," ती मला म्हणाली. "ते नाकारत नाही मी. पण हे सुपाएवढे कान तुझ्या बापाचे. आमच्या आईला त्याच्या टोप्या कानांवरून मापून घ्याव्या लागायच्या. शाळेत मास्तर याला लांबूनच धरायचे. लग्नाच्या फोटोतसुद्धा फोटोग्राफर म्हणाला होता, जरा तिरके उभे राहा..."

बऱ्याच वेळाने ती पाणी प्यायला थांबली. आजोबांनी पेपरची शांतपणे घडी घातली आणि सोफ्याखाली गेलेल्या लाल पट्ट्याकडे बोट दाखवलं.

"आणि ही जीभ कुणाची, तेही सांगून टाक."