दोनला पाच कमी

सिनसिनाटीत पत्ता विचारायची वेळ आली तर कुणालाही विचारावा, या गृहस्थांना विचारू नये. "सरळ जा, बर्नेट हाउस लागलं की डावीकडे वळा," असं ते फार आस्थेनं सांगतात. बर्नेट हाउस हे हॉटेल 1850 साली सुरू झालं आणि 1926 साली पाडलं. समोरचा भांबावून जागच्या जागी उभा राहिला की त्यांना वाटतं, रस्ता ओलांडायला बिचकतोय बिचारा. मग ते धीर देतात, "चुकायची भीतीच नाही. कालवा लागला तर समजायचं, आपण पुढे आलो." तो कालवाही बुजवला गेलाय आणि त्यावरून 1928 पासून सेंट्रल पार्कवे नावाचा रुंद रस्ता धावतोय. हेही त्यांना माहीत आहे. पण पाडलेली वास्तू ही त्यांच्या लेखी तात्पुरती गैरहजर असते, आणि नवी वास्तू म्हणजे मधेच घुसलेलं कुणीतरी.

आमच्या इथली मराठी मंडळी आपापसात त्यांना 'दोनला पाच कमी' म्हणतात. नावात थोडा चावटपणा आहे, नाही असं नाही. पण मूळ कारण अस्सल ऐतिहासिक आहे. 24 सप्टेंबर 1848 रोजी, रविवारी, फाँटेन आणि पोर्टर नावाच्या दोघा फोटोवाल्यांनी ओहायो नदीपलीकडे, न्यूपोर्ट गावातल्या एका छपरावर कॅमेरा चढवला आणि समोरचा सिनसिनाटीचा दोन मैलांचा किनारा एकामागून एक आठ पत्र्यांवर उतरवून घेतला. पत्रे म्हणजे खरोखरचे पत्रे, तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेले. त्या काळी फोटोग्राफीची जी रीत चालायची तिला डॅगेरोटाइप म्हणत. पत्रा आरशासारखा घासायचा, त्याला आयोडीनची वाफ द्यायची, कॅमेऱ्यात घालून उघडायचा, मग पाऱ्याची वाफ देऊन चित्र वर आणायचं. नकल निघत नाही. जे आहे ते त्या एका पत्र्यावर. हे आठही पत्रे आज डाउनटाउनच्या सार्वजनिक ग्रंथालयात हवाबंद चौकटींत ठेवले आहेत. अलीकडे तज्ज्ञांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली घातले तेव्हा एका मनोऱ्यावरचं घड्याळ सापडलं. पत्र्यावर त्याची तबकडी जेमतेम एक मिलिमीटर, पण काटे वाचता येतात. दोनला पाच कमी.

ही हकीकत ऐकून सामान्य माणूस "वा!" म्हणतो आणि कॉफी प्यायला जातो. आमचे गृहस्थ मात्र तेव्हापासून त्याच वेळेवर थांबले आहेत. विमा कंपनीतली हिशेबनिशी संपून निवृत्त झाले ते सरळ 1848 सालात राहायला गेले. गळ्यात बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग, कोटाच्या एका खिशात पांढरे सुती हातमोजे आणि दुसऱ्यात सँडविच. दोन खिशांतल्या वस्तूंची अदलाबदल कधी होऊ देत नाहीत, एवढं एक व्यवहारज्ञान शिल्लक आहे.

नदीकाठावरच्या बोटींची नावं ते घरच्या माणसांसारखी घेतात. ते वावगंही नाही म्हणा, कारण फोटोची तारीख लागली ती बोटींमुळेच. कुठली वाफेची बोट कुठल्या दिवशी धक्क्याला होती, याच्या नोंदी आणि फोटोतल्या बोटी ताडून पाहिल्या, तेव्हा एवढा एकच दिवस जुळला. हिशेबनिसाला याहून गोड गोष्ट कुठली? ताळेबंद जुळला की डोळ्यांत पाणी येणाऱ्यांच्या जातीतले ते.

त्यांचं एकच दुःख आहे, ते म्हणजे डुक्कर. एकोणिसाव्या शतकात या शहरात डुकराच्या मांसाचा व्यापार इतका दांडगा होता की लोक याला पोर्कोपोलिस म्हणत. भर रस्त्यातून डुकरं हिंडायची. मग आठ पत्र्यांत एक तरी डुक्कर नको का? गृहस्थ वर्षानुवर्षं शोधताहेत. खिडकीचा पडदा सापडला, वाळत घातलेले कपडे सापडले, चाक सापडलं. डुक्कर नाही. "उभं राहिलं नसेल," ते खेदानं म्हणतात. त्या काळी कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवावा लागे, आणि जो चालत राहिला तो फोटोत उतरलाच नाही. न उतरलेल्यांवर त्यांचा रागच आहे. "मिनिटभर थांबायला काय झालं होतं?" हमाल, गाडीवान, फेरीवाले, सगळी कामातली माणसं फोटोतून पुसली गेली आणि घराच्या पायरीवर रिकामटेकडा बसलेला कुणी अजरामर झाला, यात काही अन्याय आहे असं त्यांना वाटत नाही. मला वाटतं. पण मी ते बोलून दाखवलं की ते भिंग पुसायला घेतात.

एक गोष्ट मात्र ते भिंगाशिवाय सांगतात, तीही खालच्या आवाजात. न्यूपोर्ट हे केंटकीत, आणि केंटकीत तेव्हा गुलामगिरी कायदेशीर होती. सिनसिनाटी ज्या ओहायो राज्यात आहे तिथे नव्हती. म्हणजे कॅमेरा ज्या छपरावर होता तिथे माणूस विकत घेता यायचा, आणि कॅमेऱ्यासमोर जो किनारा होता तिथे नाही. मधे फक्त नदी. पुढे 1850च्या दशकात याच शहरात जेम्स प्रेस्ली बॉल या कृष्णवर्णी छायाचित्रकाराची डॅगेरोटाइपची भव्य गॅलरी होती. शहरातले प्रतिष्ठित लोक त्याच्यासमोर मान न हलवता बसायचे. त्यानं 1855 साली गुलामगिरीवरचं शेकडो यार्ड लांबीचं रंगवलेलं चित्र लोकांपुढे उलगडून दाखवलं. बॉलचं नाव निघालं की आमचे गृहस्थ टोपी काढतात. एरवी ती राष्ट्रगीतालाही निघत नाही, कारण टोपीखाली टिपणं असतात.

फोटो बघण्याची त्यांची पद्धत माणसाला अपमानकारक वाटू शकते. कुणी आपल्या खापरपणजीचा फोटो दाखवायला आणला की ते आधी तो उलटा करतात. चेहरा नंतर, पाठ आधी. पाठीवर सरकारी तिकीट चिकटवलेलं असलं तर 1 सप्टेंबर 1864 ते 1 ऑगस्ट 1866, कारण यादवी युद्धाचा खर्च भागवायला तेवढाच काळ फोटोंवर कर होता. मग अंगठ्यानं पुठ्ठ्याचे कोपरे चाचपायचे. टोकदार कोपरे जुने, गोलावलेले त्यानंतरचे. शहराचा फोटो असेल तर काम आणखी सोपं. नदीवर झुलता पूल नसला तर 1866च्या आधीचा. चौकात कारंजं असलं तर 1871 किंवा त्यानंतरचा. ट्रामच्या डोक्यावर एकाऐवजी दोन तारा दिसल्या तर गाव बहुतेक सिनसिनाटीच. एकाच तारेवरची ट्राम गेली की टेलिफोनमधे खरखर व्हायची, म्हणून इथे दुसरी तार ओढलेली होती. एवढं सगळं झाल्यावर फोटो सुलटा होतो. तोवर फोटो आणणारी खापरपणती कंटाळलेली असते. "चेहरा कुणासारखा वाटतो?" ती विचारते. "चेहऱ्यावरून काहीच कळत नाही," ते सांगतात.

डॅगेरोटाइप असेल तर चेहऱ्याच्या आधी गुंड्यांकडे लक्ष. त्या पत्र्यावर चित्र आरशातल्यासारखं उलटं पडतं. पुरुषाच्या कोटाची गुंडी भलत्या बाजूला, लग्नाची अंगठी भलत्या हातात. एकदा एका बाईंचे पणजोबा डावखुरे होते ही घराण्याची पिढीजात आख्यायिका त्यांनी अर्ध्या मिनिटात मोडली. पणजोबा उजवेच होते. त्या घरात डावखुरेपणाचं कौतुक इतकं, की नातवाला डाव्या हातानं बेसबॉल शिकवला होता म्हणे.

आमचंही त्यांनी सोडलेलं नाही. लग्नाच्या वाढदिवसाला आम्ही फाउंटन स्क्वेअरमधे फोटो काढून घेतला, बायकोनं मुद्दाम पैठणी नेसली होती. ते भेटल्यावर मी कौतुकानं फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी मी पडद्याबाहेर गेलो, मग पैठणीचा पदर गेला, आणि मधे नुसतं कारंजं उरलं. "हे मूळचं इथे नव्हतं, सरकवलंय," ते म्हणाले. मग उमाळ्यानं सांगू लागले की 1871 साली कारंजं झालं ते इथल्या खाटकांचा बाजार उठवून. बाजार कसा लांबच लांब होता, मांस कसं टांगलेलं असायचं. बायको सोमवार करते, आणि वार सोमवार होता. घरी येताना गाडीत ती एवढंच म्हणाली, "अहो, पुढच्या वर्षी आपण नायगाराला जाऊ. तिथे तरी सगळं मूळच्या जागी असेल ना?"

पण त्यांचा खरा पराक्रम पाहायचा तो जुन्या बाजारात. तिथे एक विक्रेता जुने फोटो मांडून बसतो आणि निम्म्यांवर 'मृत व्यक्तीचा फोटो' अशी चिठ्ठी लावतो. मेलेल्याला भाव चांगला येतो. पुरावा काय, तर फोटोतल्या माणसाच्या टाचांमागे लोखंडी स्टँडचा पाय दिसतो. म्हणजे प्रेताला टेकू देऊन उभं केलंय. हे ऐकलं की आमच्या मवाळ गृहस्थांचे कान लाल होतात. "अहो, तो स्टँड मान हलू नये म्हणून होता, जिवंत माणसाची! मेलेला माणूस हलतो का? मग त्याला धरून ठेवायला लोखंड कशाला?" मृतांचे फोटो काढत असत, ते मान्य, पण ते बिछान्यात निजवून, किंवा मूल असलं तर आईच्या मांडीवर. प्रेताचं वजन पेलायची त्या स्टँडची ताकदच नव्हती, हे ते प्रात्यक्षिकासह सांगतात. प्रात्यक्षिकाला प्रेत म्हणून मी असतो.

एकदा अशाच एका लहान मुलाच्या फोटोवर चाळीस डॉलरची चिठ्ठी होती. त्यांनी भिंग लावलं, आणि गिऱ्हाइकांची गर्दी जमेल इतक्या मोठ्यानं जाहीर केलं, "डावा पाय बघा. पुसट आलाय. हललाय. पोरगं जिवंत आहे!" गर्दीतल्या एका बाईंनी टाळ्या वाजवल्या. विक्रेत्याचं तोंड पडलं. जिवंत मुलाला कोण चाळीस डॉलर देतो? भाव आठवर आला, घासाघीस होऊन सहावर आला, आणि सहा डॉलर देऊन फोटो घेतला तो आमच्याच गृहस्थांनी. परतताना मी विचारलं, हे संशोधन की धंदा? ते दुखावले. मुलाला खोट्या मृत्यूतून सोडवायलाच हवं होतं, म्हणाले. आणि सोडवल्यावर त्याला तिथेच टाकून कसं यायचं?

विक्रेता आता शहाणा झालाय. हे लांबून येताना दिसले की तो 'मृत' लिहिलेल्या चिठ्ठ्या भराभर काढून खिशात कोंबतो आणि दाढीवाल्या फोटोंवर 'बहुधा लिंकन' अशा नव्या चिकटवतो. त्यावर यांचं व्याख्यान वेगळं आहे. ते कानाच्या पाळीपासून सुरू होतं, आणि त्या दिवशी दुकान लवकर बंद होतं.