उभ्यानं बघा, पण मोजून

विलायतेत फुटबॉलच्या मैदानावर प्रेक्षकांना उभं राहायची परवानगी मिळाली, त्याला काही वर्षं होऊन गेली. तरी हिंगोली जिल्ह्यात या बातमीचा म्हणावा तसा आनंद साजरा झालेला नाही. साहजिक आहे. आम्हाला बसायला कधी मिळालंच नव्हतं, त्यामुळे उभं राहायला मिळाल्याचं अप्रूप कुठून येणार?

इंग्रजांचं मात्र तसं नाही. तिथल्या वरच्या दोन विभागांतल्या मैदानांवर 1994 च्या ऑगस्टपासून प्रत्येक प्रेक्षकाला खुर्ची, असा नियम आला. खुर्ची आली तरी माणसं बसली नाहीत. गोलापाशी चेंडू गेला की उठायची, ती सामना संपेपर्यंत उभीच. पुढच्या खुर्चीच्या पाठीवर नडगी आपटायची, गोल झाला की दोन रांगा खाली कोसळायची. शेवटी सरकारनं हात टेकले. 2 जानेवारी 2022 ला चेल्सी-लिव्हरपूल सामन्यात स्टॅम्फर्ड ब्रिजवर लोक पहिल्यांदा कायदेशीररीत्या उभे राहिले. मधे वर्षं गेली अठ्ठावीस, म्हणजे सत्तावीस आणि वर काही महिने, पण अठ्ठावीसच धरू. कारण आमच्या जिल्ह्यातल्या नरसीच्या नामदेवांचा विठोबाही अठ्ठावीसच उभा आहे. आकडा जुळला, एकक तेवढं वेगळं.

या व्यवस्थेला तिकडे ‘सुरक्षित उभं राहणं’ म्हणतात. म्हणजे काय, तर प्रत्येक रांगेत कमरेइतका लोखंडी कठडा. खुर्ची त्यालाच जोडलेली, हवी तेव्हा दुमडून कुलूप लावायची. एका तिकिटाला एकच जागा. मागून रेटा आला तरी माणूस आपल्या कठड्यावर अडतो, पुढच्याच्या अंगावर जात नाही. बस्स. हे ठरवायला त्यांना समित्या, अहवाल, चाचण्या, संसदेतल्या चर्चा असं सगळं लागलं. आमच्या एसटीत दाराजवळ ‘बसून इतके, उभे इतके’ असं कधीचं रंगवलेलं आहे. धरायला वर दांडी आहे, मधे खांब आहे. परवानाप्राप्त उभं राहणं म्हणजे दुसरं काय? ‘इतके’च्या जागी जो आकडा असतो तो वाचता येत नाही, कारण त्याच्यापुढे नेहमी कोणीतरी उभा असतो.

उभं राहण्याच्या बाबतीत आमचा जिल्हा तसा ज्येष्ठ. 1 मे 1999 ला परभणीतून फुटून निघालो, पण परंपरा त्याच्या फार आधीची. औंढा नागनाथाचीच गोष्ट घ्या. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभे राहिले, पुजाऱ्यांनी त्यांना मागच्या बाजूला पिटाळलं, तर देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून बसलं, अशी आख्यायिका. उभं राहण्याच्या जागेवरून झालेल्या वादात प्रेक्षकाऐवजी स्टेडियम हलवल्याचं दुसरं उदाहरण जगात नसावं. त्याच देवळात गाभारा तळघरात आहे. अरुंद पायऱ्यांनी, डोकं सांभाळत, थोडी थोडी माणसं खाली सोडतात. आतली वर आल्याशिवाय बाहेरची खाली नाहीत. एवढं एक सूत्र इंग्रजांना वेळेवर कळलं असतं, तर पुढचं बरंच टळलं असतं.

ते ‘पुढचं’ म्हणजे हिल्सबरो. 15 एप्रिल 1989, शेफील्ड. उपांत्य सामना, लिव्हरपूलचे समर्थक दाराशी तुंबलेले. पोलिसांनी बाहेर पडायचा मोठा दरवाजा उघडला आणि लोंढा समोरच्या बोगद्यातून सरळ मधल्या दोन कोंडवाड्यांत शिरला. ते आधीच खच्चून भरलेले, बाजूच्या कोंडवाड्यांत जागा रिकामी. पुढे जाळी, मागे रेटा. 97 माणसं गेली. त्यातला शेवटचा मृत्यू 2021 मध्ये झाला, इतकी वर्षं तो माणूस त्या दिवसाच्या जखमा घेऊन जगला. दोष कुणाचा? तर प्रेक्षकांचा, दारू पिऊन आले होते, असं पोलिसांनी सांगितलं आणि वर्तमानपत्रानं छापलं. ज्यूरीनं प्रेक्षकांचा काही दोष नव्हता असं म्हणेपर्यंत 2016 उजाडलं. मधल्या काळात शिक्षा झाली ती उभं राहण्याला. न्यायमूर्ती टेलर यांनी त्यांच्या 1990 च्या अहवालात उभं राहणं मुळात धोकादायक नाही असं लिहिलं होतं, आणि त्याच अहवालात सगळीकडे खुर्च्या टाका अशी शिफारसही केली होती. सरकारनं सोयीचं वाक्य उचललं. सरकारं तेवढं वाचतात.

आपण तर तेवढंही वाचत नाही. 16 ऑगस्ट 1980 ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान-ईस्ट बंगाल सामन्यात 16 प्रेक्षक गेले. 2017 च्या सप्टेंबरात मुंबईत एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर माणसं चेंगरून मेली, तिथे तर सामनाही नव्हता, नुसता पाऊस आणि ऑफिसची वेळ. बंगळुरूला 4 जून 2025 ला चिन्नास्वामी मैदानाच्या दारात 11 जण गेले, तेव्हा आत खुर्च्याच खुर्च्या होत्या. माणसं खुर्चीअभावी मेली नाहीत. आत किती, बाहेर किती आणि दार कुणाच्या हातात, हे कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

आता हिंगोलीत हे मोजायचं कसं, हा खरा प्रश्न. आमच्या रामलीला मैदानावरचा दसरा दीडशे वर्षांहून जुना. रावणदहनाला अख्खा जिल्हा लोटतो. त्या रात्री मैदानावर ज्याच्याभोवती पुरेशी मोकळी जागा राखलेली असते, असा एकच माणूस म्हणजे रावण. त्याला दहा तोंडं आहेत, पण गर्दी किती हे त्यालाही सांगता येणार नाही. कारण आमच्याकडे गर्दीचे आकडे तीन असतात. आयोजकांचा, पोलिसांचा आणि विरोधकांचा. प्रचारसभा असली तर चौथा, पत्रकारांचा. तो जेवणानंतर ठरतो. इंग्रजांच्या त्या कठड्यामागचं सगळं गुपित हे, की तिथे आकडा एकच असतो आणि तो सामन्याच्या आधी ठरलेला असतो.

आणि बसणं-उभं राहणं हा आमच्याकडे सुरक्षेचा विषय कधी नव्हताच. तो मानाचा विषय. कुठल्याही कार्यक्रमात पाहा: व्यासपीठावर सोफे, सोफ्यांवर पांढरे टर्किश टॉवेल, समोर पाण्याच्या छोट्या बाटल्या आणि सेलोफेनमधले गुच्छ. त्याखाली दोन रांगा गादीच्या खुर्च्या, ‘निमंत्रित’ असा कागद चिकटवलेल्या. मग प्लॅस्टिकच्या. मग बल्ल्या. आणि बल्ल्यांच्या पलीकडे ज्यांच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं, ती जनता.

त्यामुळे ‘सुरक्षित उभं राहण्या’ची योजना इकडे आली तर तिचं काय होईल, हे सांगायला ज्योतिषी नको. आधी अभ्यासदौरा निघेल, डॉर्टमुंडला. तिथे दक्षिणेकडच्या एकाच गॅलरीत सुमारे 25 हजार माणसं उभी राहून सामना बघतात. पिवळे शर्ट घालतात म्हणून तिला पिवळी भिंत म्हणतात. शिष्टमंडळ परत येऊन सांगेल, यात नवीन काय, हळदीच्या हंगामात मोंढ्यात या, थप्पी दाखवतो. मग निविदा निघेल. कठड्याची उंची अंदाजपत्रकात कमरेइतकी असेल. कुणाच्या कमरेइतकी, हे लिहायचं राहील. मग औंढ्याजवळ उभी राहणारी लायगोची वेधशाळा हरकत घेईल, कारण प्रोटॉनच्या जाडीहून कितीतरी सूक्ष्म थरथर टिपणाऱ्या त्या यंत्राला हजारो माणसांनी एकदम उडी मारलेली कशी चालावी? त्यावर ‘उभे राहावे, नाचू नये’ असं शुद्धिपत्रक निघेल.

फुटबॉल कुठे आहे, असं मधेच कुणी विचारेल. आहे की. शाळांच्या सुब्रतो चषकाच्या जिल्हास्तरीय फेऱ्या होतात. फक्की मारून रेघा ओढतात, क्रीडाशिक्षक शिट्टी घेऊन पळतात, रेघेला लागून मुलांचे पालक आणि रस्त्यानं जाता जाता थांबलेले दोन मोटारसायकलवाले. सगळे उभे, सगळे सुरक्षित. खरी गरज कोल्हापूरला आहे. तिथे शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की पायऱ्यांवर कोण बसतो? पण कोल्हापूरला योजना गेली तर आम्ही अनुशेषाचा मुद्दा काढू. मराठवाड्यावर उभं राहण्यातही अन्याय होऊ देणार नाही.

एवढं करून कठडा बसला, जागांवर क्रमांक पडले, तिकिटं मोजून छापली, असं धरून चालू. एक काम उरतं. दारावर हातात मोजणीयंत्र देऊन एक पोरगा उभा करायचा. शेवटचा आकडा पडला की त्यानं दार ओढून घ्यायचं आणि म्हणायचं, “भरलं. आता कोणालाच आत नाही.”

तेवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबते. काच खाली होते. मागे अजून तीन गाड्या.

“काय रे, वळखलं नाही का? सगळे आपलेच हायेत, धा-पंधरा जण.”

पोरगा यंत्राकडे बघतो, गाडीकडे बघतो.

“तुम्हाला कोण अडवतंय, साहेब,” असं म्हणून तो यंत्र खिशात घालतो आणि दुसरा पाखाही उघडतो.