चांगल्या घरचा घरभेदी

पडद्यावर दोन-चार माणसं एकत्र दिसली की आमच्या आईचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "यातला वाईट कोण?" तिचा दोष नाही. संध्याकाळच्या मालिकांनी तिला तसं वळण लावलंय. तिथे वाईट बाई उंबरठ्याच्या आत आली की ढोल वाजतात, कॅमेरा तिच्या तोंडावर तीनदा जाऊन आदळतो, आणि एवढं होऊनही कुणाच्या लक्षात आलं नसेल तर ती स्वतःच खिडकीशी उभी राहून मनातला कट मोठ्याने बोलून दाखवते. वाईट माणसाने प्रेक्षकांची इतकी सोय पाहावी, अशी आमच्या घराची माफक अपेक्षा असते.

अशा घरात बीबीसीची 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय' लावायची बुद्धी माझ्या भाच्याला झाली. जॉन ल कारेच्या 1974 सालच्या कादंबरीवरची, 1979 सालची, सात भागांची मालिका. ब्रिटिश हेरखात्याच्या अगदी वरच्या मजल्यावरचा एक जण वर्षानुवर्षं मॉस्कोची चाकरी करतोय. तो कोण, हे शोधायला जॉर्ज स्मायली नावाच्या, घरी बसवलेल्या एका अधिकाऱ्याला गुपचूप परत बोलावतात. संशयित चौघं: पर्सी ॲलेलाइन, बिल हेडन, रॉय ब्लँड आणि टोबी एस्टरहेझ. खात्याच्या जुन्या प्रमुखाने मरण्यापूर्वी या चौघांना मुलांच्या गाण्यातली टोपणनावं देऊन ठेवली होती आणि पाचवं नाव खुद्द स्मायलीला. म्हणजे ज्याने चोर शोधायचा, तोही यादीत. (पुढे चोराचं नाव येणार आहे. मालिका 1979 ची आहे. अजून ज्यांची पाहायची राहिली असेल त्यांनी इथेच थांबलेलं बरं.)

आमचं तपास पथक असं: आई, माझी बायको, लोकल फंड ऑडिटमधून निवृत्त झालेले काका, ज्यांना अजूनही लग्नाच्या आहेराची यादी पाहिली की बेरीज तपासावीशी वाटते, आणि बारावीच्या अभ्यासातून वेळ काढून मालिका शोधणारा, खरं तर मालिकांतून वेळ काढून अभ्यास करणारा, भाचा. माझ्याकडे दुभाष्याचं काम. ते वाटतं तितकं सोपं नाही, कारण या मालिकेत माणसं बोलतात कमी आणि एकमेकांकडे बघतात जास्त. दोन मिनिटं कुणी काहीच बोललं नाही की आई माझ्याकडे संशयाने बघायची. मी काहीतरी गाळतोय असा तिचा समज व्हायचा.

पहिलाच प्रसंग बैठकीच्या खोलीतला. चौघं संशयित एकेक करून आत येतात. संवाद नाही. कुणी कागद सारखे करतो, कुणी सिगारेट ओढतो, कुणी पाइप. सर्वांत शेवटी येतो बिल हेडन, हातात चहाचा कप आणि कपावर झाकण ठेवावं तशी बशी. बस, एवढंच. पण आईने तिथल्या तिथे निकाल दिला. "हा नाही. याला घरचं वळण आहे. चहा झाकून आणलान बघ. निवत नाही, माशी बसत नाही." उरलेल्यांत तिचा संशय रॉय ब्लँडवर, कारण त्याचा कोट चुरगळलेला. एस्टरहेझ फार नटवा, पण नटव्या माणसाला स्वतःपलीकडे काही सुचत नाही म्हणून तोही सुटला. ॲलेलाइन तर साहेबच. "साहेब बिनडोक दिसतोय. फितुरीला डोकं लागतं."

काकांना असली व्यक्तिचित्रं मान्य नव्हती. त्यांचं म्हणणं, माणसं बघू नका, रजिस्टर बघा. आणि मालिका त्यांच्याच बाजूची निघाली. स्मायली पिस्तूल घेऊन कुणाच्या मागे पळत नाही. पॅडिंग्टनजवळच्या एका साध्या हॉटेलात खोली घेऊन रात्र रात्र जुन्या फायली वाचतो, आणि चष्म्याच्या काचा टायच्या रुंद टोकाने पुसतो. काका हरखले. इतक्या वर्षांत पडद्यावर त्यांना प्रथमच आपला माणूस भेटला. रात्रपाळीच्या नोंदवहीतलं नेमक्या रात्रीचं पान जागेवर नाही, हे उघड झालं तेव्हा तर ते खुर्चीच्या कडेला आले. "संपलं! पॅरा लागला! आता नुसतं विचारायचं, त्या रात्री ड्यूटीवर कोण?" त्यांनी एका तालुक्याच्या पंचायत समितीतल्या सिमेंटच्या गोण्यांची हकिगत सुरू केली. तिच्यातही एक पान फाटलं होतं. भाच्याने मालिका थांबवली, गोण्या मोजून झाल्यावर पुन्हा लावली.

भाच्याची पद्धत सर्वांत आधुनिक: नटांवरून ओळखायचं. ज्याचं मानधन मोठं आणि काम लहान, तो घरभेदी. फक्त अडचण अशी की 1979 सालच्या ब्रिटिश नटांपैकी आमच्या हॉलमध्ये कुणाला फारसं कुणी ठाऊक नव्हतं. स्मायली झालेले ॲलेक गिनेसही भाच्याच्या लेखी 'स्टार वॉर्स'मधले आजोबा. त्याला ओळखीचा दिसला तो पॅट्रिक स्ट्युअर्ट, 'एक्स-मेन'मधला प्रोफेसर, इथे रशियन हेरांचा प्रमुख कार्ला. एका जुन्या आठवणीत तो स्मायलीसमोर बसतो आणि अवाक्षर काढत नाही. "एवढा मोठा माणूस आणि एकही डायलॉग नाही? हाच!" भाचा ओरडला. तो शत्रुपक्षाचा सेनापतीच आहे, त्याला लपायची गरज नाही, हे समजावण्यात माझे दोन प्रसंग हुकले.

एरवी ही पद्धत वाईट नाही. याच कादंबरीवर 2011 मध्ये सिनेमा निघाला, तेव्हा हेडनच्या कामाला कॉलिन फर्थ होता, आणि त्याच वर्षी त्याला ऑस्कर मिळालेलं. ताजं ऑस्कर मिळालेल्या नटाला नुसतं बैठकीत बसून कागद चाळायला कोण बोलावतं? तिथे स्मायलीने फायली वाचायची तसदी घेतली नसती तरी चाललं असतं. 

अमेरिकन '24' या मालिकेने मात्र असल्या प्रेक्षकांची पुरती जिरवली. पहिल्या मोसमात एक घरभेदी मध्येच पकडला जातो, सगळे निश्चिंत होतात, आणि शेवटी खरी घरभेदी निघते ती नायकाच्या उजव्या हाताला बसणारी नीना मायर्स. गंमत म्हणजे हे लेखकांचंही आधीपासून ठरलेलं नव्हतं. मालिका बरीच पुढे गेल्यावर ठरलं. म्हणजे सुरुवातीच्या भागांत जे तिच्या नजरेतली चलबिचल टिपत होते, ते एका निष्पाप बाईवर आळ घेत होते. पुढे ती दोषी निघाली हा निव्वळ योगायोग. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "आधी खर्च, मग मंजुरी. कार्योत्तर म्हणतात त्याला. आमच्याकडे रोजचं आहे."

बायको या सगळ्यात फारसं बोलत नव्हती. ती शेंगा सोलत बसायची आणि मधूनच एखादा प्रश्न टाकायची. स्मायलीला जो भेटतो तो त्याच्या बायकोची, ॲनची, चौकशी करतो. ही ॲन अगदी शेवटापर्यंत पडद्यावर येत नाही, तोवर फक्त चौकशीत असते. आईला त्याचा वैताग आला होता: "तिकडे देश बुडायला आलाय आणि यांना हिची काळजी!" बायको म्हणाली, "सगळे विचारतायत आणि तिला दाखवत नाहीत, म्हणजे गाठ तिथेच आहे." काकांनी हा मुद्दा अप्रस्तुत म्हणून फेटाळला.

गाठ तिथेच होती. ॲनचं हेडनशी प्रकरण असतं आणि तेही कार्लाच्या सांगण्यावरून. हिशेब असा की स्मायलीला उद्या हेडनचा संशय आला, तर लोक म्हणतील, बिचारा नवरा, जळतोय. आणि स्मायली स्वतःही मनाशी तेच म्हणेल. फाटलेलं पान सापडतं, पण असा बंदोबस्त कुठल्या रजिस्टरात सापडणार?

हेडन पकडला गेला, कपावर बशी ठेवणारा, ऑक्सफर्डला शिकलेला, चित्रं काढणारा, खानदानी हेडन, तेव्हा आई बराच वेळ मानायलाच तयार नव्हती. "चांगल्या घरचा मुलगा आहे तो," असं तिने तीन-चार वेळा बजावलं. तिला हसणं सोपं आहे. पण ब्रिटिश हेरखात्याने खऱ्या घरभेद्याच्या बाबतीत हेच वाक्य वर्षानुवर्षं म्हटलं होतं.

हेडनच्या मागे सावली आहे ती किम फिल्बीची. जन्म 1912 चा, आपल्याकडचा, अंबाल्याचा. वडील आयसीएस. 'किम' हे लाडाचं नाव किपलिंगच्या कादंबरीतलं, आणि त्या कादंबरीतला पोरगाही हेरगिरीच करतो. इतकी ठळक खूण आमच्या संध्याकाळच्या मालिकांतही देत नाहीत. केंब्रिजमध्ये असताना हा कम्युनिस्टांच्या वर्तुळात वावरलेला. खात्यात घेताना एका वरिष्ठाने चौकशी केली ती अशी: मुलाच्या वडिलांना जेवायला नेलं आणि विचारलं, कॉलेजात असताना तो जरा लाल होता म्हणे? वडील म्हणाले, छे, पोरवयातला खुळेपणा, आता सुधारलाय. झालं. आपल्याकडे स्थळाची चौकशी अशीच होते. मुलगा पीत नाही ना, हे मुलाच्या वडिलांना विचारायचं आणि 'माणसं माहितीतली आहेत' म्हणून सुपारी फोडायची. निदान आपण शेजाऱ्यांकडे तरी एक चक्कर टाकतो.

या जावयाला त्यांनी 1944 मध्ये नेमकं कुठे बसवलं? सोव्हिएत हेरांविरुद्धच्या नव्या विभागाच्या प्रमुखपदी. 1951 मध्ये त्याचे दोन साथीदार, बर्जेस आणि मॅक्लीन, मॉस्कोला पळाले तेव्हा संशय त्याच्यावर आला, नोकरी गेली. पण 1955 मध्ये परराष्ट्रमंत्री मॅकमिलन यांनी पार्लमेंटमध्ये सांगितलं की याच्याविरुद्ध पुरावा नाही, आणि फिल्बीसाहेबांनी आपल्या आईच्या फ्लॅटवर पत्रकारांना बोलावून हसतमुखाने फोटो काढून घेतले. 1963 च्या जानेवारीत बैरूतहून हे गृहस्थ नाहीसे झाले, ते मॉस्कोतच उगवले. स्वतः ल कारे तेव्हा त्याच खात्यात होता.

चौथा साथीदार तर आमच्या मालिकेच्या पाठोपाठच उजेडात आला. शेवटचा भाग ऑक्टोबर 1979 मध्ये दाखवला गेला. त्या दिवसांत आयटीव्ही या दुसऱ्या वाहिनीचा संप चालू होता, त्यामुळे पुष्कळशा ब्रिटनला दुसरं फारसं काही बघायलाच नव्हतं. आणि नोव्हेंबरात मार्गारेट थॅचर यांनी सभागृहात जाहीर केलं की राणीच्या चित्रसंग्रहाचे माजी देखरेखदार सर अँथनी ब्लंट हेही त्यातलेच. खात्याला ते 1964 पासून माहीत होतं! कबुली घेतली, माफी दिली, आणि गृहस्थ चित्रांवर देखरेख करत राहिले. चांगल्या घरचा, दुसरं काय.

काका म्हणाले, हे इंग्रजांचे लाड, अमेरिकेत असं चालणार नाही. मग मी त्यांना ऑल्ड्रिच एम्सची गोष्ट सांगितली. सीआयएतला अधिकारी, 1994 मध्ये पकडला. पगार वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या आत. घर घेतलं 5 लाख 40 हजार डॉलरचं, रोखीने, आणि कचेरीत यायचा जॅग्वार गाडीतून. काका उठून उभे राहिले. "आणि कुणी विचारलं नाही?"

"विचारलं ना. म्हणाला, सासरकडून मिळाले. सासर कोलंबियातलं."

"आणि त्यांनी मान्य केलं?"

"बरीच वर्षं."

काका पुन्हा खाली बसले. त्यांच्या मते 'सासरकडून मिळाले' हे जगातलं सर्वांत जुनं उत्तर आहे. ग्रामसेवकसुद्धा आता ते देत नाही. त्यांचा सीआयएवरचा विश्वास त्या रात्री उडाला तो उडालाच. एफबीआयमधल्या रॉबर्ट हॅन्सनला तर घरभेदी शोधायच्या कामावरच नेमलं होतं आणि शोधायचा होता तो तो स्वतःच, हे मी त्यांना सांगितलं नाही. वयाचा विचार करावा लागतो.

सातवा भाग संपल्यावर आमच्याकडे एक नवाच प्रकार झाला. सगळ्यांनाच सगळं आधीपासून माहीत होतं असं निघालं. काका म्हणाले, मी रजिस्टर म्हणालोच होतो. भाचा म्हणाला, हेडनला क्लोजअप जास्त होते. आई म्हणाली, "चहा झाकून आणणारा माणूस नको इतका सावध असतो, हे मी पहिल्याच दिवशी बोलले होते." मी दुभाष्या, माझ्या साक्षीला किंमत नाही.

मग भाच्याने विशाल भारद्वाजचा 'खुफिया' लावला. तो रॉमधले माजी अधिकारी अमर भूषण यांच्या कादंबरीवरून घेतलेला. त्यात फितूर कोण, ते लपवलेलंच नाही. लवकरच सरळ दाखवून टाकतात की कार्यालयातली गुपितं बाहेर नेतोय तो हा, रवी. तब्बू त्याच्या घरात कॅमेरे लावून बसते. आता आमच्या पथकाला काम काय उरलं? पण दिसतंय ते मान्य करणं आमच्या स्वभावात नाही. काका म्हणाले, "हा मोहरा आहे. इतक्या उघड सह्या कुणी करत नाही." भाच्याला तब्बूचाच संशय. आईने रवीला तोंडावळ्यावरून निर्दोष सोडला. आईच्या शब्दाबाहेर नाही, लेकराचं सगळं ऐकतो, असा मुलगा देशाला कसा फसवेल?

"त्याची आई," बायको शेंगांवरची नजर न हलवता म्हणाली.

"पुरावा?" काकांनी विचारलं.

"पुरावा कशाला? सुनेशी किती गोड बोलतेय बघा."

आणि पुढे त्या आईचाही कटात हात निघाला. सिनेमा संपल्यावर आमची आई उठली, दिवा लावला, शेंगांची टरफलं गोळा केली आणि सुनेला म्हणाली, "बरोबर ओळखलंस हो." हे कौतुक होतं की आणखी काही, याचा तपास मी हातात घेतलेला नाही.