सनरूफ राहू द्या, मागचा पट्टा बघा

सोयाबीनचा पैसा हातात आला की वाशिम जिल्ह्यात घरोघरी गाडीची बोलणी सुरू होतात. २०२५ साली तर नेमक्या घटस्थापनेच्या दिवशी, २२ सप्टेंबरला, छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, वरचा उपकरही गेला. तेव्हापासून रिसोड, मंगरुळपीर, कारंजा, कुठंही जा, पारावर एकच विषय: नेक्सॉन की ब्रेझा, व्हेन्यू की थ्रीएक्सओ? वाद घालणारे तीन गोष्टींवर भांडतात. उंच कोणती दिसते, सनरूफ कुणाला आहे आणि ‘किती देते?’ शेवटचा प्रश्न रास्त आहे. पहिल्या दोन प्रश्नांपायी मात्र लोक लाख-लाख रुपये वाया घालवतात.

आधी लांबी बघा. नेक्सॉन, ब्रेझा, व्हेन्यू आणि सॉनेट, चौघींची लांबी ३९९५ मिलिमीटर. थ्रीएक्सओ ३९९०. हा काही योगायोग नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाडीची व्याख्या ठरली आणि लांबीची रेघ चार मीटरवर ओढली गेली. तेव्हापासून कंपन्या त्या रेघेच्या पाच-दहा मिलिमीटर अलीकडे थांबतात. इंजिनलाही अट आहे: पेट्रोल १२०० सीसी, डिझेल १५०० सीसी. ब्रेझाचं पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून लांबी तेवढीच असूनही तिच्यावर १८ नाही, ४० टक्के कर बसतो. शोरूममध्ये किमतीची तुलना करताना हे डोक्यात असू द्या. आणि बाहेरून सगळ्या सारख्याच लांबीच्या असतील, तर खरा फरक आत आहे. तो कागदावर कळत नाही. घरची माणसं सोबत न्या, मागच्या सीटवर तिघांना बसवा, दार लावून घ्या आणि दहा मिनिटं बसू द्या. मधल्या माणसाला डोकं टेकायला जागा आहे का, त्याचा पट्टा खांद्यावरून येतो की नुसता पोटावरून, हे बघा.

आता उंची. नेक्सॉनच्या पोटाखालची जमिनीपासूनची उंची कंपनी २०८ मिलिमीटर सांगते, थ्रीएक्सओची २०१, ब्रेझाची १९८. दहा मिलिमीटर म्हणजे करंगळीची रुंदी. तेवढ्यावरून माणसं पैज लावतात! पाच जण बसले आणि डिक्कीत दोन पोती टाकली की हा आकडा तसाही खाली येतो. मुख्य म्हणजे या सगळ्या गाड्यांची फक्त पुढची चाकं ओढतात. श्रावणात पाणंद रस्त्यावरच्या काळ्या मातीत त्या रुततातच, मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो. शेतात रोज गाडी न्यायची असेल तर वेगळी चेसिस आणि मागच्या चाकांचा जोर असलेली बोलेरो अजूनही तिथं जास्त कामाची. उंच गाडीचा खरा फायदा वेगळाच आहे आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही. गुडघे दुखणाऱ्या आजीला खाली वाकावं लागत नाही, नऊवारी सांभाळत ती सरळ सीटवर टेकते. एवढ्यासाठी कुणी अशी गाडी घेतली तर मी त्याला शहाणा म्हणेन.

सनरूफचं काय? मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर जातो. त्या उन्हात छताला काच बसवून घ्यायची आणि दिवसभर पडदा ओढून ठेवायचा, यात सोय कसली ते मला समजत नाही. त्याहून वाईट म्हणजे वरातीत, जत्रेच्या वाटेवर त्या झडपेतून लेकरं बाहेर काढून उभी केली जातात. कचकन ब्रेक लागला तर त्या लेकराला धरून ठेवणारं काहीही नाही. हे बघून अंगावर काटा येतो.

आणि हा धोका आता वाढलाय, कारण आपला रस्ता बदलला. पूर्वी वाशिमहून अकोल्याला जाताना खड्डेच वेग ठरवायचे. आता कारंजा किंवा शेलूबाजारहून समृद्धी महामार्गावर चढलं की कारला ताशी १२० ची मुभा आहे. शोरूमवाला ज्या पाच ताऱ्यांची बढाई मारतो, ते देणारी भारत एनकॅपची चाचणी समोरची धडक ताशी ६४ च्या वेगाने घेते. १२० ला धडकेचा जोर त्याच्या साडेतीन पट होतो. म्हणून तारे बिनकामाचे ठरत नाहीत. नेक्सॉन, थ्रीएक्सओ, कायलॅक यांनी पाच तारे मिळवलेत आणि त्याला मोल आहे. पण मोठ्यांचे ३२ पैकी गुण वेगळे असतात आणि मुलांचे ४९ पैकी वेगळे. सेल्समनला मुलांचे गुण विचारा. त्याला पाठ नसतील तर बघून सांगायला लावा.

आणि तारे कितीही असोत, ते पट्टा बांधलेल्या माणसासाठी असतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले, ते महागड्या मर्सिडीजमध्ये होते. मागे बसलेले दोघंही दगावले, पुढचे दोघं वाचले. मागच्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांच्या प्राथमिक तपासात आलं. आपल्याकडे मात्र गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात जाड सीट कव्हर चढतं आणि मागच्या पट्ट्यांची कुलपं त्याखाली गडप होतात. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर तीही त्याच कव्हरात कोंडली जाते. रोही (नीलगाय) आडवा येईल या धास्तीनं पुढं लोखंडी गार्ड ठोकतात. रोह्याची भीती खरी आहे, कारंजा-सोहोळच्या बाजूनं रात्री येणाऱ्याला विचारा. पण केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्येच असे गार्ड बेकायदा ठरवले, कारण धडकेचा धक्का ठरल्या जागी पोचत नाही आणि एअरबॅग उघडण्यात गडबड होऊ शकते. डॅशबोर्डवर डाव्या बाजूला जिथून एअरबॅग फुटते, तिथंच टणक मूर्ती चिकटवतात. देव गाडीत जरूर असावा, पण मधोमध आणि छोटा. पुढे बसलेल्या सूनबाईच्या तोंडासमोर नको.

पट्टा न बांधल्यास हजार रुपये दंड आहे. चौदा वर्षांखालच्या मुलासाठीही तोच, आणि कायदा त्या मुलाला पट्टा किंवा बालआसन मागतो. मांडीवरचं लेकरू धडकेच्या क्षणी कुठल्याही बापाच्या हातात राहत नाही.

तेव्हा पुढच्या दसऱ्याला अकोल्याच्या शोरूममध्ये जाल तेव्हा सनरूफवाल्या व्हेरिएंटच्या एक पायरी खालचं मागा, सहा एअरबॅग असलेलं. उरलेल्या पैशातून लेकरासाठी बालआसन घ्या आणि टायर झिजले की वेळेवर बदलण्यासाठी थोडे बाजूला ठेवा. सीट कव्हर बसवणाऱ्याला बजावून सांगा, मागची तिन्ही कुलपं वर दिसली पाहिजेत. आणि किल्ली फिरवण्याआधी मागे वळून विचारा: पट्टे लावले का?