काळ्या स्क्रीनचा पंचनामा

कॉम्प्युटर गेमचं अपडेट बहुधा रात्री येतं आणि नेहमी सुधारणा म्हणूनच येतं. कंपनीच्या यादीत नवे नकाशे असतात, नवी हत्यारं असतात, 'अधिक जिवंत ग्राफिक्स' असतात. जळगाव-धुळ्यातल्या एखाद्या घरात ही सुधारणा सकाळी काळ्या स्क्रीनच्या रूपानं प्रकट होते. स्पीकरमधून गोळ्यांचा आवाज येतो, कोणीतरी मेल्याचं कळतं, पण कोण मेलं ते दिसत नाही. बहुधा आपणच.

मग पंचनामा सुरू होतो. पहिला मान वडिलांचा. "तूच काहीतरी दाबलं असशील," हा त्यांचा निष्कर्ष कॉम्प्युटर चालू होण्याआधीच तयार असतो. दुसरा मान पुण्यात आयटीत असलेल्या मावसभावाचा. तो फोनवर "रीस्टार्ट करून पाहिलंस का?" एवढं विचारून मीटिंगला निघून जातो. शेवटचा शब्द बाजाराचा. जळगावात गोलाणी मार्केट, धुळ्यात आग्रा रोडचा परिसर. सीपीयूची वरात मोटारसायकलवर, मागे बसलेल्याच्या मांडीवरून निघते. दुकानदार झाकण न उघडताच निदान करतो, "विंडोज मारावी लागीन भो."

विंडोज मारणे, म्हणजे ती पुसून नव्यानं टाकणे, हे सगळ्या रोगांवरचं औषध आहे. प्रिंटर रुसला, विंडोज मारा. इंटरनेट रेंगाळलं, विंडोज मारा. गेम काळा पडला, तर प्रश्नच नाही. या उपचारात रोगाबरोबर बारावीचे प्रोजेक्ट आणि बहिणीच्या लग्नाचे फोटोही बरे होतात, म्हणजे उरत नाहीत. नव्यानं मारलेली विंडोज इंटरनेट दिसताच आधी स्वतःची अपडेट ओढून घेते. त्यामुळे संध्याकाळपर्यंत यंत्र पुन्हा त्याच मुक्कामावर येऊन उभं राहतं, फक्त वॉलपेपर नवा असतो.

कंपन्यांकडे दाद मागावी, तर तिथला कारभार तहसील कचेरीसारखा. गेमवाला म्हणतो, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर बघा. कार्डवाला म्हणतो, विंडोजचं ताजं अपडेट बघा. विंडोजवाला म्हणतो, तुमचं हार्डवेअर तपासून घ्या. हार्डवेअरवाला वॉरंटीची तारीख विचारतो आणि ती ऐकून फोन ठेवतो. प्रत्येक टेबलावर कागद पुढं सरकतो. सही कुणाचीच होत नाही.

या सगळ्या गदारोळात एक साधी गोष्ट कुणी सांगत नाही. अपडेटनंतर स्क्रीन काळी पडण्याची कारणं ढोबळमानानं दोन. एक म्हणजे चूक. ती कोणीतरी कधीतरी दुरुस्त करतो. दुसरं म्हणजे सेवानिवृत्ती. ती तारीख ठरवून केलेली असते आणि तिच्यावर अपील नाही. लक्षणं दोन्हींची सारखीच, म्हणून बाजारात सगळी औषधं पहिल्या रोगाची विकली जातात आणि रुग्ण बहुतेक दुसऱ्या रोगाचे येतात.

पहिल्या रोगाचं नामांकित उदाहरण 'जीटीए सॅन अँड्रिआस'चं. हा गेम पीसीवर २००५ साली आला आणि सायबर कॅफेत वाढलेल्या एका पिढीनं तो अभ्यासक्रमासारखा पूर्ण केला. २०२४ च्या अखेरीस विंडोज ११ चं २४एच२ नावाचं अपडेट आलं आणि गेममधलं स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान नाहीसं झालं. बळजबरीनं ते आणून खेळाडूला आत बसवलं, तर तो थेट अंतराळात फेकला जायचा. लोकांनी अर्थातच मायक्रोसॉफ्टला शिव्या घातल्या. 'सायलेंट' या नावानं जुन्या गेमची दुरुस्ती करणाऱ्या एका प्रोग्रॅमरनं खोदकाम केलं, तेव्हा आरोपी गेमच्याच घरात सापडला. आधीच्या 'व्हाइस सिटी'त स्किमर होडी म्हणून नोंदवलेलं होतं आणि होडीला चाकं नसतात. 'सॅन अँड्रिआस'मध्ये त्याचं विमान झालं, पण फाइलीत चाकांचं माप भरायचं राहून गेलं. रकाना रिकामा होता आणि गेम त्या जागी मेमरीत आधीच्या कामाचं जे काही पडलेलं असेल ते वाचत होता. योगायोगानं तिथं अगोदरच्या गाडीच्या चाकांचं माप पडलेलं असायचं. सुमारे वीस वर्षं विमान उसन्या चाकांवर उडालं. नव्या विंडोजनं मेमरीचा तो कोपरा आपल्या कामासाठी वापरायला घेतला आणि उधारी उघडी पडली.

रिकाम्या रकान्यावर वीस वर्षं कारभार चालणं खान्देशातल्या माणसाला नवल वाटण्यासारखं नाही. नवल याचं, की शेवटी कोणीतरी तो रकाना भरला.

दुसरा रोग मात्र असा भरून निघत नाही. २७ सप्टेंबर २०२३ ला व्हॉल्व्ह कंपनीनं 'काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह'च्या जागी 'काउंटर-स्ट्राइक २' आणून ठेवला. फुकट. जुन्या गेमला २ जीबी रॅम आणि १५ जीबी जागा पुरायची. नव्यानं ८ जीबी रॅम आणि ८५ जीबी जागा मागितली. डायरेक्टएक्स ९ या जुन्या ग्राफिक्स-प्रणालीवर चालणारी कार्डं, ३२ बिटची विंडोज आणि अॅपलची मॅकओएस यांना निरोप दिला. हे सगळे मिळून खेळणाऱ्यांच्या एक टक्क्याहून कमी आहेत, असं कंपनीनं जाहीर केलं. त्या एक टक्क्यात एरंडोल, पारोळा, शिरपूर किती, याचा तपशील दिला नाही. जे यंत्र आदल्या दिवशी खेळाडू होतं, ते दुसऱ्या दिवशी टक्केवारीतला अपूर्णांक झालं. पुढं १ जानेवारी २०२४ ला व्हॉल्व्हच्याच स्टीम या गेमच्या दुकानानं विंडोज ७ आणि ८ ची साथ सोडली.

मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा अधिकृत आधार संपला. त्या वर्षी धनत्रयोदशी १८ ऑक्टोबरला होती. अमेरिकेत बसून खान्देशातल्या दुकानदारांची इतकी काळजी याआधी कोणी घेतली नसेल. विंडोज ११ ला इंटेलची आठव्या पिढीची किंवा तिच्या पुढची चिप लागते आणि टीपीएम २.० नावाचा सुरक्षेचा घटक लागतो. आपल्याकडच्या कित्येक पोरांचा गेमिंग पीसी म्हणजे कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेला डबा, ज्यात चौथ्या पिढीची चिप आणि सेकंडहँड घेतलेलं कार्ड असतं. आधीच निवृत्त झालेल्याला दुसऱ्यांदा निवृत्त करण्याची ही सोय आहे. पेन्शन मात्र दोन्ही वेळा नाही.

त्या चौथ्या पिढीवर तर इंटेलनं आधीच एक हात फिरवलेला आहे. चिपमधल्या ग्राफिक्सच्या डायरेक्टएक्स १२ मध्ये सुरक्षेची फट सापडली, म्हणून नव्या ड्रायव्हरमधून इंटेलनं डायरेक्टएक्स १२ च काढून टाकलं. घराच्या दाराची कडी नीट लागत नव्हती, म्हणून दाराच्या जागी भिंत बांधली. ज्यांना त्यावर चालणारा गेम खेळायचाच आहे त्यांनी जुना ड्रायव्हर टाकावा, असा सल्लाही दिला. म्हणजे अपडेट केलं तर गेम नाही आणि नाही केलं तर सुरक्षा नाही; निवड ग्राहकाची.

एनव्हिडियाचं गणित त्याहून सरळ आहे. जीटी ७१० सारख्या जुन्या कार्डांना नव्या गेमचे ड्रायव्हर मिळणं २०२१ मध्येच थांबलं. २०१४ चं जीटीएक्स ७५० टीआय आणि २०१६ चं १०५० टीआय यांची पाळी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. त्यांना आता ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेची मलमपट्टी. १०५० टीआय हे आजही अनेकांचं पहिलं प्रेम आहे, कारण ते वेगळी पॉवर केबल न मागता चालतं आणि वीज पुरवणाऱ्या स्वस्तातल्या एसएमपीएसलाही ते झेपतं. कार्ड ठणठणीत असतं, पंखा फिरत असतो. नव्या गेमच्या लेखी ते वारलेलं असतं.

यात धुळ्याकडचा एक जुगाड भर घालतो. टीपीएम नसलेल्या यंत्रावरही दुकानदार तपासणी चुकवून विंडोज ११ बसवून देतात. सगळं छान दिसतं. मग पोरगा 'व्हॅलोरंट' उघडतो. या गेमचा फसवेगिरी रोखणारा राखणदार 'व्हॅनगार्ड' विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतो, आणि ते नसेल तर व्हॅन ९००१ असा आकडा दाखवून दार लावून घेतो. विंडोज १० वर सुरुवातीला ही अट नव्हती. थोडक्यात, विंडोज नवी झाली म्हणून गेम बंद पडला. नव्या यंत्रांवर बायोसमधून सिक्युअर बूट चालू करता येतं, पण हार्ड डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीनं मांडलेली असेल, तर ते चालू करताच विंडोजच सुरू होत नाही. डिस्क आधी जीपीटी या नव्या पद्धतीत बदलून घ्यावी लागते. हे माहीत नसलेला मनुष्य गेम दुरुस्त करायला बसतो आणि कॉम्प्युटर घालवून उठतो.

सगळा दोष परदेशी कंपन्यांवर ढकलणंही बरं नाही; काही वाटा स्थानिक आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. कार्डाचा पंखा खोलीतली हवाच आत घेतो, त्यामुळे थंड करण्यासाठी मिळते ती गरम हवा. कार्ड त्र्याऐंशी-चौऱ्याऐंशी अंशांना टेकलं की स्वतःचा वेग कमी करतं आणि गेम रखडतो. दोष लागतो आदल्या रात्रीच्या अपडेटला. काही सुज्ञ लोक सीपीयू पाण्याच्या कूलरसमोर ठेवतात आणि त्याला गारव्याबरोबर ओलही पाजतात.

दिवाळीच्या साफसफाईनंतर येणारे रुग्ण वेगळे. त्यांची मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डाला जोडलेली असते. महागडं कार्ड आत रिकामं बसून असतं आणि गेम चिपमधल्या फुटकळ ग्राफिक्सवर धापा टाकत असतो.

गंमत अशी, की या साऱ्या व्यापातून एकच वर्ग सुटलेला आहे. ज्याच्याकडे पंधरा वर्षांपूर्वी दहा रुपयांच्या सीडीवरून कॉपी केलेला 'व्हाइस सिटी' आहे, त्याला कुठलंच अपडेट येत नाही. कंपनीला त्याचा पत्ताच माहीत नाही. पैसे भरून गेम घेणारा प्रामाणिक ग्राहक काळ्या स्क्रीनपुढं हात जोडून बसतो आणि चोरीच्या सीडीवाला गुलाबी सूर्यास्तात मोटारसायकल फिरवतो.

उपाय आहेत आणि ते फुकट आहेत. अपडेटनंतर पहिले काही सामने गेम अडखळला, तर थांबावं. कार्डाचा ड्रायव्हर शेडर, म्हणजे चित्र रंगवायचे छोटे प्रोग्रॅम, पुन्हा तयार करत असतो. स्टीममध्ये गेमच्या फाइली तपासून घेता येतात. डिव्हाइस मॅनेजरमधून आधीच्या ड्रायव्हरवर परतता येतं. नाही जमलं तर सेफ मोडमध्ये डीडीयू नावाच्या साधनानं जुना ड्रायव्हर मुळासकट काढून नवा टाकता येतो. लॅपटॉपवर गेम भलत्याच ग्राफिक्सवर सुरू होत असेल, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये त्याला मोठ्या कार्डाकडे वळवता येतं. जुन्या गेमला प्रॉपर्टीजमधल्या कम्पॅटिबिलिटीत विंडोज एक्सपीचा मुखवटा चढवता येतो. यांतलं काहीच लागू पडलं नाही, तर कार्डाचं नाव आणि साल बघून गेमच्या किमान अटींशी ताडून पाहावं. रोग पहिला की दुसरा, हे तिथं कळतं.

अडचण एवढीच, की या उपायांचं बिल होत नाही. धुळ्यातल्या एखाद्या सरळमार्गी दुकानदारानं कार्ड हातात घेऊन "तुन्हं कार्ड म्हातारं व्हई गयं, भाऊ" असं खरं ते सांगितलं आणि पैसे घेतले नाहीत, तर गिऱ्हाईक त्याला काही कळत नाही असं समजून शेजारच्या दुकानात जातं. तिथं तासाभरात विंडोज मारून मिळते, पैसे मोजून घेतले जातात, नवा वॉलपेपर झळकतो, आणि बापलेक समाधानानं सीपीयू मांडीवर घेऊन घरी निघतात.